ऑनलाईन कोर्स आणि पहिलं लायसन्स : शेजारच्या सीटवर कोण बसलं? (अनुभव धागा)

फ्रिस्कोकर

लेकीला गेल्या मार्चमध्ये पंधरा पूर्ण झाली. केक संपायच्या आत प्रश्न आला, "आई, माझा ड्रायव्हिंगचा कोर्स कधी सुरू करायचा?" आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे कोथिंबीर संपली तरी गाडी काढावी लागते, त्यामुळे तिची घाई समजण्यासारखी होती. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

ड्रायव्हिंग स्कूलचे दर ऐकले आणि आम्ही 'पेरेंट टॉट' हा रस्ता धरला. म्हणजे थिअरी ऑनलाईन, आणि गाडी शिकवायची आईबापांनी. राज्याच्या खात्याला २० डॉलर भरून मार्गदर्शिका घ्यायची आणि मान्यता असलेला एखादा कोर्स निवडायचा. थिअरी ३२ तास. गाडीवरचे ४४ : त्यात ७ शिकवणीचे, ७ नुसतं बसून बघण्याचे आणि ३० सरावाचे, आणि त्या तिसातले निदान १० रात्रीचे. थिअरीचे पहिले सहा तास झाले की लर्नर लायसन्ससाठी जाता येतं. जाताना शाळेच्या हजेरीचा दाखला न्यायला विसरू नका. आम्ही विसरलो आणि एक हेलपाटा पडला. लर्नर हातात आल्यावर किमान सहा महिने थांबायचं आणि सोळा पूर्ण झाल्याशिवाय टेस्ट नाही.

ऑनलाईन थिअरीत प्रत्येक पानाला टायमर आहे, वाचून झालं तरी वेळ भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मुलगी लॅपटॉपवर टायमर लावून मांडीवरच्या फोनवर रील बघते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. रागावले, पण तो टायमर बघून मलाही झोप आली असती.

खरी गंमत झाली त्या सात तास बघण्याच्या भागात. ही वही घेऊन बसायची आणि बाबाच्या चुका टिपायची. पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं, "बाबा स्टॉप साइनला थांबत नाही. रस्त्यात देऊळ लागल्यावर करतात तसा नमस्कार करून पुढे जातो." नवरा वीस वर्षं गाडी चालवतोय. त्या संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या पाटीपाशी इतका वेळ थांबला की मागच्याने हॉर्न दिला.

तर मंडळी, आपला किंवा मुलांचा अनुभव लिहा. कोर्स ऑनलाईन केलात का, त्यातलं रस्त्यावर काय उपयोगी पडलं, आणि मुख्य म्हणजे सरावाला शेजारी कोण बसलं. नापास झालेल्यांनी तर जरूर लिहा.

माजी_ॲक्टिवावाली

मी साताऱ्याची. पोवई नाक्याच्या गर्दीतून ॲक्टिवा काढलेली, त्यामुळे गाडीची भीती अशी नव्हती. लग्न होऊन तेविसाव्या वर्षी एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो तो व्हिसा) ह्यूस्टनजवळ आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की आपले पाय काढून घेतलेत. फुटपाथ सुरू होतो आणि मध्येच संपतो. किराणा दुकान चार मैलांवर. नवरा ऑफिसातून येईपर्यंत मी खिडकीत.

टेक्सासमध्ये १८ ते २४ वयाच्यांना पहिल्या लायसन्ससाठी सहा तासांचा कोर्स सक्तीचा आहे. मी तो ऑनलाईन केला. शेवटची परीक्षा कोर्समध्येच झाली, त्यामुळे लेखीसाठी वेगळं जावं लागलं नाही. ड्रायव्हिंग टेस्टच्या आधी राज्याचा एक तासाचा व्हिडिओही बघावा लागतो, गाडी चालवताना लक्ष विचलित झाल्याने झालेल्या अपघातांवरचा. तो बघून मी रडले आणि दोन दिवस गाडीत बसले नाही.

कोर्समधली एकच गोष्ट खरी कामाची निघाली : चार बाजूंनी स्टॉप असलेला चौक. जो आधी आला तो आधी जाणार, दोघे एकदम आले तर उजवीकडच्याचा मान. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मी प्रत्येकाला "तुम्ही जा, तुम्ही जा" करत राहिले. आपल्याकडे घुसल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि इथे सगळे माझ्याकडे बघत थांबलेले.

शेजारी कोण? पहिले चार दिवस नवरा. पाचव्या दिवशी मी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "आता तू चालव, मी चालत घरी येते." मग आमच्या मजल्यावरच्या एका तेलुगू अक्काने शिकवलं. ती शांतपणे बसायची, पर्समधून शेंगदाणे खायची आणि फक्त वळण आलं की हाताने दिशा दाखवायची. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही. म्हणूनच जमलं बहुतेक.

क्वीन्सचा_कांदा

न्यूयॉर्क. माझ्याकडे पुण्यातला बारा वर्षांचा अनुभव होता, तरी इथे भारतीय लायसन्सवरून सरळ लायसन्स मिळत नाही. लेखी परीक्षा, पाच तासांचा वर्ग आणि रोड टेस्ट, सगळं नव्याने. लेखीत २० प्रश्न, १४ बरोबर हवेत, आणि रस्त्यावरच्या चिन्हांच्या चार प्रश्नांपैकी निदान दोन. हे झालं.

पाच तासांचा वर्ग मी झूमवर केला. कॅमेरा सतत चालू हवा. मी हुशारी करून लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि फोडणी टाकली. मास्तरांनी वर्गासमोर विचारलं, "सर, तुम्ही गाडी चालवताना पण कांदा चिरता का?" तीसेक अनोळखी लोक हसले. त्यानंतर पाच तास मांडी घालून बसलो. वर्गाचा दाखला वर्षभर चालतो, तेवढ्यात टेस्ट उरकायची.

मला वाटलं होतं टेस्ट म्हणजे हातचा मळ. पहिल्यांदा नापास. इथे चुकांचे गुण मोजतात आणि तीसच्या वर गेलात की संपलं. मी आरशात बघत होतो, पण मान वळवून खांद्यावरून बघत नव्हतो. स्टॉपला गाडी सरकत होती (फ्रिस्कोकरांच्या यजमानांना सांगा, आम्ही एकाच पंथाचे). दोन्ही हातही स्टिअरिंगवर नव्हते, एक सवयीने गिअरवर. ऑटोमॅटिक गाडीत गिअरवर हात ठेवून मी काय करत होतो ते मलाच माहीत नाही.

दुसऱ्या टेस्टच्या आधी पैसे देऊन दोन तास शिकवणी घेतली. शिकवणारे गृहस्थ इक्वाडोरचे. त्यांचं एकच म्हणणं होतं की मी वाईट चालवत नाही, फक्त मी काय बघतोय ते परीक्षकाला दिसत नाही. मान इतकी वळवली की घरी येऊन बाम लावला. पास.

आईने_लिहायला_सांगितलं

हाय. मी १७ वर्षांचा आहे, कॅलिफोर्निया. मराठी टाइप करायला वेळ लागतो, स्पेलिंग आईने चेक केलंय.

मी ऑनलाईन कोर्स साडेपंधराव्या वर्षी केला. तो बोरिंग होता. पण पर्मिटच्या (म्हणजे लर्नर लायसन्सच्या) टेस्टला आम्हाला ४६ प्रश्न असतात आणि ३८ करेक्ट हवेत, मोठ्या माणसांना ३६ च असतात. हे फेअर नाही असं मला वाटतं. माझे ४१ आले.

पर्मिट मिळालं तरी ते लगेच चालत नाही. आधी इन्स्ट्रक्टरसोबत पहिला लेसन सुरू व्हावा लागतो, मग बाबांसोबत चालवता येतं. इन्स्ट्रक्टरचे ६ तास आणि घरच्यांसोबत ५० तास, त्यातले १० रात्री. इन्स्ट्रक्टरच्या बाजूला एक्स्ट्रा ब्रेक असतो. बाबांच्या बाजूला नसतो, पण ते दाबतात. आमच्या गाडीतलं त्या साइडचं मॅट फाटलंय.

बाबा बोलतात "अरे अरे अरे अरे". मी एकदा विचारलं की अरे म्हणजे लेफ्ट का राइट. ते खूप हसले आणि मग आम्ही ठरवलं की ते फक्त "स्लो", "स्टॉप" आणि "छान" बोलणार. छान ते दोनदाच बोलले. ५० तासांत.

आता लायसन्स आहे पण पहिलं एक वर्ष रात्री ११ ते ५ चालवता येत नाही आणि वीसच्या खालच्या फ्रेंड्सना एकट्याने घेऊन जाता येत नाही. सो मी आजीला मंदिरात नेतो. आजी मागे बसते आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणते. आधी पण म्हणायची का माझ्यामुळे, माहीत नाही.

एडिसनकर

वरच्या मुलाला पैकीच्या पैकी. आमच्या न्यू जर्सीत एकविशीच्या आतल्या शिकाऊ आणि तात्पुरत्या लायसन्सवाल्यांना नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावावे लागतात. लेक म्हणते, "बाबा, हे म्हणजे कपाळावर लिहिण्यासारखं आहे." मी म्हटलं, आपल्याकडे मागच्या काचेवर इंग्रजी 'एल' रंगवतात आणि लायसन्स मिळून पाच वर्षं झाली तरी पुसत नाहीत.

कोनवाल्या_काकू

कोलंबस, ओहायो. माझी गोष्ट मुलांची नाही, माझी स्वतःची आहे.

एकोणीस वर्षं अमेरिकेत राहून मी गाडी चालवत नव्हते. आधी मुलं लहान, मग सवय. सगळीकडे ह्यांनीच न्यायचं. ह्यांना बायपासनंतर सहा आठवडे गाडी चालवायची नाही असं सांगितलं, आणि दवाखान्याच्या दारात आम्ही दोघं टॅक्सीची वाट बघत उभे होतो. त्या दिवशी ठरवलं. वय तेव्हा बावन्न.

ओहायोच्या टेस्टमध्ये रस्त्यावर चालवण्याखेरीज एक वेगळा प्रकार असतो. पाच खुणा उभ्या करतात. त्यातल्या चार खुणांची ९ फूट रुंद, २० फूट लांब चौकट. त्यातून पुढे यायचं, पाचव्या खुणेच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने गाडी काढायची, थांबायचं आणि त्याच वाटेने उलटं चौकटीत शिरायचं. खूण पाडली की तिथल्या तिथे नापास. मी पाडली. आवाज अगदी बारीक झाला, टप असा, पण मला अजून ऐकू येतो.

माझ्या वेळी नियम असा होता की प्रौढ माणूस पहिल्या खेपेला नापास झाला तर चार तासांचा छोटा कोर्स करायचा, आणि शिवाय स्कूलबरोबर चार तास किंवा घरच्या कुणाबरोबर चोवीस तास गाडी चालवायची. (आता नियम बदललेत, तरुणांसाठी तर बरेच, तेव्हा राज्याच्या साइटवर बघा.) कोर्स मी ऑनलाईन केला. खरं सांगते, इथल्या बाकी लोकांना कंटाळा आला असेल, मला नाही आला. दिवाणखान्यात एकटी बसून, एकेक पान वहीत उतरवून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला समजावत होतं आणि मध्येच "राहू दे, मी करतो" म्हणत नव्हतं.

चोवीस तास शेजारी धाकटा मुलगा बसला, बावीस वर्षांचा. त्याने गॅरेजमधून दह्याचे पाच मोठे रिकामे डबे काढले, त्यात वाळू भरली, प्रत्येकात एकेक दांडा उभा केला आणि रविवारी दुपारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये फुटपट्टी लावून चौकट आखली. पहिल्या दिवशी मी पाचही डबे पाडले. तो उतरायचा, डबा उभा करायचा, परत येऊन बसायचा. अकरा वेळा. एक शब्द बोलला नाही. शेवटी मीच चिडले, "अरे काहीतरी बोल की!" तर म्हणाला, "आई, मी सायकल शिकताना तू पण काही बोलली नव्हतीस. नुसती मागे पळत होतीस."

पुढे पास झाले. ह्यांना तपासणीला मीच नेलं. ते शेजारी बसून पाय दाबत होते, ते मी बघितलंच नाही असं दाखवलं.

म्युनिकवाला

तुमचं बरंय. जर्मनीत मी शिकलो तेव्हा थिअरी वर्गात जाऊनच, ९० मिनिटांचे १४ वर्ग. प्रथमोपचाराचा कोर्स वेगळा. सक्तीच्या खास फेऱ्या १२ : ५ गावाबाहेरच्या रस्त्यांवर, ४ ऑटोबानवर, ३ अंधारात. आणि बापाने शेजारी बसून शिकवणं हा प्रकारच नाही, शेजारी फक्त परवानाधारक मास्तर. खर्चाचा आकडा आईला अजून सांगितलेला नाही.

कर्वेनगर

इकडची बाजू पण येऊ दे. महाराष्ट्रात जून २०२१ पासून लर्निंग लायसन्सची परीक्षा आधार वापरून घरबसल्या देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ, मग प्रश्न. माझ्या गल्लीतला सायबर कॅफेवाला म्हणाला, "तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर बसा, बाकी मी बघतो." मी घरी येऊन स्वतः दिली. पास झालो. फुशारकी नाही, प्रश्न सोपे असतात. अवघड आहे ते हे की व्हिडिओत झेब्रा क्रॉसिंगवर माणूस चालतो आणि गाडी थांबते. आमच्या चौकात गाडी थांबली तर तो माणूसच घाबरेल.

महिन्याभराने पक्क्या लायसन्सला अर्ज करता येतो, लर्निंग सहा महिने चालतं. मधल्या काळात मोटार ट्रेनिंग स्कूल. सर शेजारी, त्यांच्या पायाशी त्यांचा क्लच आणि त्यांचा ब्रेक. पंधरा दिवस मला वाटलं मी झकास चालवतोय. सोळाव्या दिवशी काकांची गाडी घेतली आणि सोसायटीच्या गेटमध्ये पाच वेळा बंद पडली. तेव्हा कळलं की इतके दिवस क्लच सरच दाबत होते, मी फक्त स्टिअरिंग धरून गप्पा मारत होतो.

मग काका बसले शेजारी. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त. त्यांनी पहिले तीन दिवस गाडी चालूच करू दिली नाही. रिकाम्या रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत नुसता क्लच. "पायाला कळलं पाहिजे, डोक्याला नाही." चढावर हँडब्रेक लावून गाडी उचलायला त्यांनीच शिकवलं, आणि टेस्टला चढावर मी तेच केलं.

फ्रिस्कोकर

किती छान लिहिताय सगळे. काकू, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो काही न बोलता चहा करायला उठला.

क्वीन्सचा कांदा यांनी व्यक्तिगत निरोपात विमा विचारलाय : लेकीचं नाव घातल्यावर आमचा हप्ता चांगलाच वाढला. कोर्सबद्दल आणि शाळेतल्या चांगल्या मार्कांबद्दल सवलत मिळते का ते आपापल्या कंपनीला विचारा, आम्हाला दोन्ही मिळाल्या.

आमचा हिशेब : थिअरी संपली. रात्रीच्या दहापैकी साडेसहा तास झाले. काल आठ वाजता तिला घेऊन निघाले, पाऊस भुरभुरत होता, पहिल्यांदाच वायपर लावून चालवत होती. मी दाराचं हँडल धरलं होतं, ते तिला दिसू नये म्हणून वरून ओढणी घेतली. कोपऱ्यावरच्या स्टॉपला ती पूर्ण थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. मग म्हणाली, "आई, हँडल सोड, दुकान आलं." कोथिंबीर घेतली, आणि ज्यासाठी गेलो होतो ते दूध विसरलो. आता परत जायचंय. ती किल्ली घेऊन दारात उभी आहे.