कर्ज की भांडवल, आधी हे ठरवा

संकरित बियाण्याच्या कंपनीला केनिया-झांबियात जायचं तर गोदाम आणि माणसं एवढाच खर्च, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. मी वाशीत बियाणं निर्यातीची कागदपत्रं करतो. खरा पैसा न्हावा शेवा बंदरात कंटेनर पोचण्याच्या कितीतरी आधी अडकतो.

नर-मादी वाणांची वेगळी लागवड, विलगीकरण अंतर (दुसऱ्या वाणाचे परागकण येऊ नयेत म्हणून शेतांमध्ये सोडलेली जागा), परागीकरणाची मजुरी, मग उगवणशक्तीची चाचणी. बीजोत्पादक शेतकऱ्याला पैसे याच हंगामात द्यायचे, विक्री मात्र पुढच्या हंगामात आणि तीही बरीचशी उधारीवर! त्यातून परत आलेला माल वर्षभर शीतगृहात ठेवला तरी त्याची उगवण उतरत जाते. बँकेला असं तारण नको असतं, आणि त्यात तिची चूक नाही.

त्याआधी वाणाची नोंदणी. बहुतेक देशांत चाचण्यांना दोनेक हंगाम जातात, तोवर उत्पन्न शून्य. हा खर्च कर्जातून अजिबात करू नये, भागभांडवलातूनच, म्हणजे मालकांनी घातलेल्या पैशातूनच, करावा. कोमेसा या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारगटात दोन सदस्य देशांनी वाण मान्य केला की तो गटाच्या सामायिक वाण-यादीत येऊ शकतो आणि इतर सदस्य देशांतही विकता येऊ शकतो, म्हणून पहिले दोन देश विचार करून निवडा.

खेळत्या भांडवलासाठी कर्ज जरूर घ्या. पण डॉलरमधलं कर्ज आणि शिलिंगमधली (केनियाच्या चलनातली) वसुली, हे जुळत नाही. शिलिंग घसरला की विक्री वाढूनही हप्ता थकतो. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा खरेदीदाराने पैसे बुडवल्यास उपयोगी पडतो, पण विनिमय दराची ही तूट तो भरून देत नाही.