दुधीला फुलं ढीगभर, पण दुधी एकही धरत नाही. मधमाशा नाहीत म्हणून का?

गॅलरीतली_बाग (मुलुंड)
नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय. खिडकीच्या ग्रिलमध्ये ड्रममध्ये दुधी लावलाय, वेल मस्त, पार वरच्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचलाय (वरच्या काकू अजून तरी काही बोलल्या नाहीयेत). फुलं भरपूर येतात, मागे बोटाएवढा लुसलुशीत दुधी असलेली पण येतात, पण ती काही दिवसांत पिवळी पडतात, सुकतात आणि गळतात. शेणखत झालं, ताक घालून झालं, सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट पण काढली. सकाळी डबे भरून झाले की मी चहा घेऊन तिथेच उभी असते, एक मधमाशी दुधीकडे फिरकत नाही. शेजारच्या कुंडीत तुळशीच्या मंजिऱ्यांवर मात्र बारीक काळ्या माशा सारख्या असतात, त्या दुधीवर का नाही येत? सोसायटीत मागे पेस्ट कंट्रोल झालं तेव्हापासून मधमाशाच गेल्या असं शेजारचे म्हणतात. सातवा मजला आहे, तो प्रॉब्लेम असेल का?

बोरिवलीकर_काका
ताई तुम्ही पहारा देताय तो चुकीच्या शिफ्टला 😀 दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं, रात्रभर उघडं असतं आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. पांढरं फूल आहे ना, ते अंधारात दिसावं म्हणूनच. त्याची गिऱ्हाईकं म्हणजे रात्रीचे पतंग, मधमाशी नव्हे. पडवळाचं पण तेच, ती झालर लावल्यासारखी पांढरी फुलं रात्रीचीच. गंमत म्हणजे दोडका संध्याकाळी उमलतो आणि त्याचंच भावंड घोसाळं सकाळी, दोन्ही पिवळीच. कारलं, काकडी, लाल भोपळा सगळे सकाळवाले, त्यांना मधमाशी चालते.

पाऊस चालू असेल तर पतंग पण येत नाहीत आणि फुलातला पराग भिजला की कामातून गेला. म्हणून सरळ हाताने करा. लांब बारीक देठाचं, मागे दुधी नसलेलं ते नर फूल. ते संध्याकाळी ताजं उमललेलं तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला पिवळा दांडा राहील, तो मादी फुलाच्या मधोमध जो तीन भागांचा चिकट गोंडा असतो त्याला सगळीकडून अलगद घासायचा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. तीन भागांपैकी एकाच बाजूला पराग लागला तर दुधी वाकडा होतो, म्हणून सगळीकडून.

आणि हाताने करायचं म्हणजे काही कमीपणा नाही बरं. आइस्क्रीममधला व्हॅनिला मूळचा मेक्सिकोचा, तिकडून बाहेर नेला तर वेल वाढायचे पण शेंगा धरायच्याच नाहीत. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियुस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने आणि अंगठ्याने फूल फळवायची युक्ती काढली. आजही मळ्यांमधून एकेक फूल हातानेच करतात, आपल्याकडे केरळ-कर्नाटकात पण.

गॅलरीतली_बाग (मुलुंड)
अय्यो म्हणजे मी चहा घेऊन कोमेजलेली फुलं बघत होते! काका थँक्यू. पण मग गळणारी सगळी त्यामुळेच का? एकदोन मऊ पडून कुजलेली पण होती.

बोरिवलीकर_काका
कुजलेला चिरून बघा. आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी, सालीवर टोचल्याचा बारीक ठिपका आणि डिंकासारखा थेंब पण दिसतो. तिच्यासाठी दुधी धरला की लगेच कागदी पिशवी चढवा, नाहीतर क्यू ल्युअरचा, म्हणजे ह्या माशीला ओढणाऱ्या आमिषाचा, सापळा लावा (आंब्याच्या फळमाशीचा सापळा आणून उपयोग नाही, ते आमिष वेगळं). टोचल्याची खूण नाही, आत अळी नाही, नुसता पिवळा पडून सुकला तर बहुतेक पराग मिळाला नाही.

रातकिडा_४२
काकांच्या पोस्टला जोड. तो पतंग बघायचा असेल तर गॅलरीतला बल्ब बंद करा, बल्ब चालू असला की ते बिचारे बल्बलाच धडका देत बसतात. मी ठाण्याला मित्राच्या गच्चीवर बघितलाय, आधी फर्र असा आवाज येतो, मग तो फुलावर न बसता समोर हवेतच थांबतो, गुंडाळलेली सोंड सरळ करतो आणि लांबूनच आत घालतो, की लगेच पुढच्या फुलावर. पंख दिसतच नाहीत, नुसती धूसर हालचाल.

आता मुद्द्याची गोष्ट. तगरीवर, कण्हेरीवर जाडजूड हिरवी अळी दिसते, डोक्याजवळ दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीला शिंग, ती दिसली की आपल्या ग्रुपवर 'काय मारू' म्हणून फोटो येतात. ती ह्याच खानदानातल्या पतंगाची अळी. तगर पुन्हा फुटते हो, चार पानं खाऊ द्या तिला. आणि कीटकनाशक संध्याकाळी मारा असं सगळे सांगतात ते मधमाशांच्या हिशोबाने बरोबर आहे, पण दुधी-पडवळाला ते उलटं पडतं, नेमकं गिऱ्हाईक यायच्या वेळी विष. कडुलिंबाचं तेल असलं तरी पानांच्या मागून मारा, फुलांवर नको.

रात्रपाळी फक्त पतंगांची नाही. राणीच्या बागेत गोरखचिंचेचं झाड आहे, वसईकडे पण आहेत, त्याची मोठी पांढरी लोंबती फुलं संध्याकाळी उमलतात ती वटवाघळांसाठी. खाडीतली पांढरी चिप्पी, जी २०२० मध्ये राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली, तिचं फूल पण रात्रीचं, पुंकेसरांचा पांढरा झुबका, सकाळी झाडाखाली चिखलात पसरलेला असतो. सोसायटीत वटवाघूळ आलं की अपशकुन म्हणून बोंबलणाऱ्यांनी हे वाचावं.

पागडीतला_माणूस
सगळं खरं पण आमच्या बिल्डिंगच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लागलंय त्याचं काय? खाली मुलं खेळतात. एका पेस्ट कंट्रोलवाल्याने रात्री जाळून देतो म्हणून सांगितलंय. निसर्गप्रेमींनी येऊन स्वतःच्या घरी न्यावं.

रातकिडा_४२
दादा तुमची काळजी रास्त आहे, आग्याला हलक्यात घ्यायचं नसतंच. पण जाळलं की वाचलेल्या माशा बिथरून इमारतभर फिरतात, त्यापेक्षा वाईट काही नाही. आग्या मोहोळ एका जागी कायमचं नसतं, सीझन सरला की ह्या माशा स्वतःहून उठून दूर जातात आणि मागे रिकामं पोळं राहतं. उंचावर असेल, खालून कोणी दगड मारत नसेल, धूर करत नसेल, तर त्या खिडक्या बंद ठेवून तेवढे दिवस काढा. दाराच्या तोंडाशीच असेल तर पोळं न जाळता हलवणारी माणसं बोलवा, जाळायचं नाही हे आधीच ठणकावून सांगा.

ताई, तुमच्या तुळशीवरच्या बारीक काळ्या माशा म्हणजे बहुतेक पोयाच्या माशा, नांगी नसलेल्या मधमाशा. भिंतीच्या फटीत, जुन्या पाइपात घर करतात, तोंडाशी मेणाची बारीक नळी असते. कुठे दिसली तर सिमेंट लावून बुजवू नका. त्या दिवसाच्या आहेत, त्यांची नि दुधीची गाठच पडत नाही. म्हणजे मधमाशा संपल्या हे शेजाऱ्यांचं तितकंसं खरं नाही, आणि सातव्या मजल्यावर त्या पोचतात हे तुम्हीच सांगितलंत.

टोमॅटो_टोमॅटो
थोडं अवांतर. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलात पराग डबीत बंद असतो, वर बारीक भोक. आपली मधमाशी तो काढू शकत नाही, त्याला फूल धरून थरथरवावं लागतं आणि ते काम भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एक माशी करते. ती फुलावर असताना जवळ कान न्या, आवाज एकदम बारीक आणि चढा होतो. हे दोघे फिरकत नसतील तर इलेक्ट्रिक टूथब्रश चालू करून त्याची पाठ फुलाच्या देठाला लावा, पिवळी भुकटी उडताना दिसते. बायको विचारते ब्रश कुठे गेला, ते तुमचं तुम्ही बघा. भेंडी-मिरचीला ह्यातलं काही लागत नाही, त्या आपल्या आपण धरतात.

गॅलरीतली_बाग (मुलुंड)
किती माहिती दिलीत! आज संध्याकाळी दिवा लावून झाला की नर फूल शोधते. एक अजून, ग्रिलवर पॅशनफ्रूट पण चढवलाय, पिवळ्या फळाचा. त्याच्यावर काळा मोठा भुंगा रोज येतो, फुलात शिरतो तेव्हा त्याच्या पाठीवर पिवळा पराग फासला जातो ते मी स्वतः बघितलंय. म्हणजे गिऱ्हाईक पण आहे आणि शिफ्ट पण बरोबर. तरी फळ नाही?

बोरिवलीकर_काका
भुंग्याला बोल लावू नका, तो त्याचं काम करतोय. पिवळ्या जातीला स्वतःचाच पराग चालत नाही, दुसऱ्या वेलाचा लागतो, आणि तो दुसरा वेल पण तुमच्याच वेलाची फांदी लावून केलेला नको, वेगळ्या बियाचा हवा. जांभळ्याला ही भानगड नाही. मुलुंडमध्ये कोणाकडे पिवळा आहे का बघा, फळ मिळालं तर बी लावा, नाहीतर त्यांचं एक फूल मागून आणा आणि दुपारी उमलल्यावर ब्रशने फिरवा. ते दुपारनंतर उमलतं, परत सकाळी जाऊन उभ्या राहू नका.