बोटीच्या कलत्या खिडक्यांना पडदे: कापड किती, खालून कसे धरायचे?

नर्मदाकाठ_धडगाव
रामराम मंडळी. सरदार सरोवराच्या बॅकवॉटरवर चालणाऱ्या फायबर बोटीच्या केबिनला चार खिडक्या आहेत, प्रत्येकी २४ इंच रुंद, १६ इंच उंच. भिंती वरच्या बाजूला आत कलल्यात. घरासारखा पडदा टांगला की खालचं टोक भिंतीपासून तीन-चार इंच सुटतं, बोट वळली की झुलतं, आणि पाण्यावरून उसळलेलं ऊन त्या फटीतून थेट छतावर येतं. मशीन साधी, पायाची. कापड कोणतं, किती घ्यायचं? वेल्क्रो चालेल का?

शिवण_शिरपूर
टांगू नका भाऊ, दोन तारांत ताणा. एक तार खिडकीच्या २ इंच वर, एक २ इंच खाली, म्हणजे तारांतलं अंतर २० इंच. पडद्याला वर-खाली दोन्हीकडे नेफा. मग भिंत कलती असो की सरळ, कापड तिला धरूनच राहतं.

दोन्ही बाजूंना २-२ इंच जास्त धरून तार २८ इंच. चुण्यांसाठी दीडपट कापड, म्हणजे ४२ इंच. दोन पाखे (पडद्याचे दोन भाग) केले तर तयार पाखा २१ इंचांचा. कडेला आधी अर्धा, मग एक इंच दुमडायचं, दोन्ही कडांचे मिळून ३ इंच. पाखा २४ इंच रुंद कापा.

उंचीत लोक चुकतात. तयार उंची सव्वावीस इंच ठेवा. अठरा-एकोणीस केलीत तर दोन्ही तारा मध्यभागी एकमेकींकडे ओढल्या जातात आणि पडद्याला कंबर येते. नेफ्यासाठी वर-खाली दीड-दीड इंच, म्हणजे कापायची उंची सव्वातेवीस. ५४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) दोन पाखे शेजारी बसतात, उरलेल्या ६ इंचांत बांधायच्या पट्ट्या निघतात. चार खिडक्यांचे ९३ इंच, म्हणून अडीच मीटर घ्या. सुती घेणार असाल तर पावणेतीन, आणि कापण्याआधी भिजवून वाळवा. माझं मत विचाराल तर सुती नकोच. बंद केबिनच्या दमटपणात त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. पॉलिस्टर, दोराही पॉलिस्टरचाच. सुती दोरा उन्हात आधी कुजतो, कापड शाबूत आणि शिवण उसवलेली.

१४ नंबर सुई, इंचाला आठ टाके. शिवण आवळून चुण्या पडल्या तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा. कापड मागून ओढू नका, सुई वाकते.

चिकट पाठीचा वेल्क्रो नको. आपल्याकडच्या मे महिन्यात गोंद वितळून पट्टी घसरते, आणि तो शिवायला गेलं तर सुई गोंदाने भरून टाके सुटतात.

फायबर_प्रकाशा
तार म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली पडद्याची स्प्रिंग. २८ इंचांसाठी साडेसव्वीस कापा, म्हणजे ताण येतो. आठ तुकडे, ६ मीटर पुरते. तारेच्या टोकांना कड्या फिरवून बसवायच्या आणि त्या भिंतीकडच्या आकड्यांत (हुकांत) अडकवायच्या. त्याहून आखूड कापलीत तर हे आकडे उपसून येतील.

कापलेल्या टोकाला आतलं लोखंड उघडं पडतं. तिथे गंज धरतो आणि नेफ्यावर तांबूस डाग उतरतो. कडी फिरवण्याआधी टोकावर नेलपॉलिशचे दोन हात द्या. आकडे स्टेनलेसचेच घ्या.

भिंतीत थेट स्क्रू ठोकू नका. पातळ फायबरला तडा जातो, आणि स्क्रू लांब असेल तर बाहेर निघून पाणी आत. खिडकीच्या वर-खाली वॉटरप्रूफ प्लायची अर्धा इंच जाड पट्टी चिकटवा, २ मिमीचं भोक पाडा, भोकात सिलिकॉनचा थेंब टाका आणि मग आकडा फिरवा.

नर्मदाकाठ_धडगाव
आभारी आहे. पण पांढऱ्या रबरी लेपाचं ब्लॅकआऊट (उजेड अडवणारं कापड) अडीच मीटर आधीच घेऊन ठेवलंय. वापरू का?

शिवण_शिरपूर
वापरा, पण टाचण्या लावू नका. लेपात पडलेलं भोक बुजत नाही, अंधारात चांदण्यासारखं चमकतं. शिवण उसवली तरी तेच. कपड्याचे चिमटे लावून धरा आणि एकदाच शिवा. लेप काचेकडे ठेवा. मशीनचा कापड दाबून धरणारा पाय लेपावर अडकत असेल तर खाली-वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. घडी घालून दाबून ठेवू नका, गरमीत लेपाला लेप चिकटतो, गुंडाळी करा.

फायबर_प्रकाशा
दोन गोष्टी राहिल्या. स्टोव्हजवळच्या खिडकीला हा पडदा नको, पॉलिस्टर पेटलं तर वितळून ठिबकतं. आणि सुकाणूसमोरच्या काचेला काहीच लावायचं नाही. बाहेर पडायच्या खिडकीचा पडदा मात्र दोन्ही तारांत अडकवू नका, फक्त वरच्या तारेला ठेवा आणि खाली शिवलेल्या वेल्क्रोचा दोन इंची तुकडा द्या, एका झटक्यात सुटला पाहिजे.