उसिक-फ्युरी रिमॅच: कोण मारणार? आणि फ्युरीचं वजन बघितलंत का

पहाटेचा_चहा · २० डिसेंबर २०२४, रात्री ११:४०

मंडळी, उद्या रात्री म्हणजे खरं तर रविवारी पहाटे साडेतीनच्या आसपास रियाधला युक्रेनचा उसिक आणि इंग्लंडचा फ्युरी हे हेवीवेट बॉक्सर परत भिडतायत, आणि माझी दाजींशी मिसळीची पैज लागलीय. मी उसिक, दाजी फ्युरी. दाजींचं लॉजिक एकदम सरळ, एवढा मोठा माणूस एकाच माणसाकडून दोनदा कसा हरेल.

मे महिन्यातली पहिली लढत आम्ही दोघांनी एकत्रच बघितली होती. नवव्या राऊंडला उसिकचा डावा हात लागून फ्युरी दोरांवर आपटत होता तेव्हा दाजी चहाचा कप हातात धरून उभेच राहिले होते आणि निकाल लागेपर्यंत बसले नाहीत, चहा तसाच. तेव्हापासून घरी कुठलाही विषय निघाला तरी तो एक राऊंड सोडला तर फ्युरीच जिंकला होता हे ऐकावं लागतं.

आता आज वजनं झाली. फ्युरी २८१ पौंड, उसिक २२६. मे मध्ये फ्युरी २६२ होता. म्हणजे सात महिन्यांत १९ पौंड वर, आणि दोघांतला फरक ५५ पौंडांचा, म्हणजे पंचवीस किलो. तांदळाचं अख्खं कट्टं झालं हो. दाजी खूश, म्हणतात बघ आता चिरडतो की नाही. मला मात्र वाटतंय गडी सुटलाय. जाणकारांनी सांगा, वजन वाढलं हे फ्युरीच्या फायद्याचं की तोट्याचं? आणि रिमॅचमध्ये साधारणपणे पहिला जिंकलेला परत जिंकतो की हरलेला सुधारून येतो?

कार्डवाला · २१ डिसेंबर, सकाळी ८:०५

तुमच्या दाजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये, पण पूर्ण बरोबरपण नाही. गणित करून बघा.

तीन जजची कार्डं होती ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक आणि ११४-११३ फ्युरी. स्प्लिट डिसिजन. राऊंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण, पण गडी पडला म्हणून रेफ्रीने आकडे मोजले (ती मोजणी) तर ८. बारा राऊंडांची बेरीज एरवी २२८, इथे प्रत्येक कार्डाची २२७ येते, म्हणजे तिघांनीही नववा राऊंड १०-८ दिलाय. आता समजा ती मोजणी झालीच नसती आणि राऊंड नुसता १०-९ उसिकला गेला असता, तर फ्युरीला प्रत्येक कार्डावर एक गुण जास्त. ११५-११३ उसिक, ११४-११४, आणि ११५-११३ फ्युरी. एक इकडे, एक तिकडे, एक बरोबरीत, म्हणजे लढत ड्रॉ. फ्युरी जिंकत नाही, ड्रॉ होते. दाजींना सांगा फ्युरी जिंकायला तो राऊंडच त्याच्या नावावर लागला असता आणि त्या राऊंडमध्ये त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं.

आणि रेफ्रीने दोरांमुळे तो पडला नाही म्हणून मोजणी दिली, थांबवली नाही, हे पण लक्षात घ्या. मार्क नेल्सनच्या जागी दुसरा कोणी असता तर लढत तिथेच संपवली असती असं म्हणणारे पण खूप आहेत. घंटा वाचवते म्हणतात ना, तसा फ्युरी वाचला.

माझा अंदाज उसिक, गुणांवर, पण या वेळी एवढं घासून नाही.

तालीमवाला · २१ डिसेंबर, सकाळी ९:३०

बॉक्सिंग मला तुमच्याइतकं कळत नाही, मी कुस्तीतला, पण वजनाबद्दल बोलतो. जड गडी हलक्याशी लढताना वजन कुठे वापरतो तर मानेवर. मानेवर हात टाकायचा आणि सगळा भार सोडून द्यायचा, समोरचा पाच मिनिटांत डाव विसरतो, त्याला नुसतं उभं राहायचं काम होतं. फ्युरीने २०२० मध्ये अमेरिकेच्या वाइल्डरला हेच केलं होतं. पहिल्या लढतीला (२०१८, ड्रॉ झाली ती) फ्युरी २५६ च्या आसपास होता, रिमॅचला २७३ वर आला, मिठी मारली की अंगावर रेलायचा, आणि सातव्या राऊंडला वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. तेव्हा पण लोक म्हणत होते सुटलाय म्हणून.

त्यामुळे वजन वाढवून आलाय म्हणजे तो गुणांवर खेळायला आलेला नाही, निकाली करायला आलाय. हे माझं मत. पण एक अडचण आहे, वाइल्डर समोर उभा राहायचा. उसिक समोर सापडला तर ना मानेवर हात टाकणार.

चिकूशेक · २१ डिसेंबर, सकाळी ९:४२

फ्युरी ६ राऊंडच्या आत. लिहून ठेवा.

कार्डवाला · २१ डिसेंबर, सकाळी ९:५०

@चिकूशेक लिहून ठेवलं.

@तालीमवाला वाइल्डरचं उदाहरण बरोबर आहे पण त्याच्या उलटं पण आहे की. रुइझ आठवतो का, जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये तेव्हाच्या हेवीवेट चॅम्पियन जोशुआला चार वेळा खाली पाडलं, सातव्यात संपवलं, आणि डिसेंबरात रिमॅचला जवळपास २८४ पौंडांचा होऊन आला, बारा राऊंड जोशुआच्या मागे नुसता फिरत बसला. त्याने नंतर स्वतःच कबूल केलं की पार्ट्या जास्त झाल्या. वजन वाढलं हे नुसतं ऐकून काही कळत नाही, कशामुळे वाढलं ते महत्त्वाचं. शिवाय काल दोघंही अंगावर कपडे ठेवूनच काट्यावर उभे होते, त्यामुळे आकडे थोडे खाली धरा.

इंग्लंडातली_काकू · २१ डिसेंबर, दुपारी ३:१५

मी मँचेस्टरपासून तासाभरावर राहते, आमच्याकडे फ्युरी म्हणजे घरचाच. ऑफिसात काल दिवसभर हाच विषय, आणि गंमत म्हणजे निम्म्या लोकांना तो आवडत नाही, तोंडाळ आहे, कधी काय बोलेल नेम नाही, तरी पैसे सगळ्यांचे त्याच्यावरच. परवाच्या पत्रकार परिषदेनंतर तो आणि उसिक अकरा मिनिटं एकमेकांच्या डोळ्यात बघत उभे होते, खरंच अकरा मिनिटं, मी भाजी चिरून फोडणीला टाकून परत आले तरी हे तिथेच. कोणी नजर हटवेना. शेवटी मध्ये लोक पडले. आमच्या शेजारचे आजोबा म्हणाले की फ्युरी एरवी एवढी बडबड करतो तो या वेळी शांत आहे म्हणजे मनावर घेतलंय.

मला स्वतःला वाटतं मे मध्ये त्याने चौथ्या ते सातव्या राऊंडपर्यंत पोटात आणि खालून वर असे जे अपरकट मारले ते काम करत होते. उसिकला सहाव्यात लागलं होतं, स्पष्ट दिसत होतं. आणि मग नको तेव्हा हात मागे धरून नाचणं, जीभ काढणं सुरू. जिंकत असलेला माणूस माकडचाळे करायला लागला की माझा जीव वर येतो. ते नाही केलं तर फ्युरी, केलं तर उसिक. दाढीचं तर विचारूच नका, उसिकच्या लोकांनी त्याच्या दाढीवर पण आक्षेप घेतला होता, एवढी झुपकेदार दाढी म्हणजे हनुवटीला उशीच की. राहिली मात्र दाढी.

डावा_पाय_बाहेर · २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

सगळे वजनाबद्दल बोलतायत, पायांबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मी पुण्यात एका छोट्या क्लबमध्ये तीन वर्षं शिकतोय, हौशी आहे, फार काही नाही, पण डावखुऱ्यासमोर उभं राहण्याचा त्रास माहितीय.

उसिक डावखुरा. उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा पाय पुढे असतो आणि डावखुऱ्याचा उजवा, म्हणजे दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, एकमेकांवर पडतात. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर, त्याचा मागचा हात मोकळा, सरळ तोंडापर्यंत रस्ता. आमचे सर तर खडूने जमिनीवर रेघ मारायचे आणि म्हणायचे हात नंतर, आधी पाय बाहेर. तुम्ही मे महिन्यातली लढत आवाज बंद करून फक्त कमरेखाली बघा. पहिले दोन राऊंड उसिक बाहेर. मधल्या राऊंडांना फ्युरी त्याला जॅबने (पुढच्या हाताचा सरळ फटका) लांब ठेवतो, उसिकला पाय टाकायला जागाच मिळत नाही, कारण हाताची लांबी फ्युरीची ८५ इंच आणि उसिकची ७८. आठव्यापासून फ्युरीचे पाय जड झाले आणि उसिक परत बाहेर. नवव्यातला डावा हात तिथून आलाय, ताकदीतून नाही.

आता सांगा, १९ पौंड जास्त घेऊन आठव्या राऊंडनंतर पाय हलके होणार का जड?

आणि रिमॅचबद्दल. उसिकने जोशुआला सप्टेंबर २०२१ ला हरवलं, ऑगस्ट २०२२ ला जेद्दाला परत. रिमॅचला जोशुआ खरंच सुधारून आला होता, नवा कोच, पोटात मारत होता, नवव्या राऊंडला तर उसिक हलला होता. दहाव्याला उसिक असा काही सुटला की जोशुआला कळेना काय झालं. मुद्दा हा की हरलेला सुधारतो हे खरं, पण जिंकलेला पण घरी बसलेला नसतो, आणि हा माणूस समोरच्याला एकदा बारा राऊंड वाचला की दुसऱ्यांदा पाठ असतो त्याचा. २०१२ चं ऑलिम्पिक गोल्ड, मग क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालचा गट) सगळे बेल्ट, मग हेवीवेटला येऊन सगळे बेल्ट. तो शिकतो पटकन.

उसिक, सहजपणे. आठ राऊंड त्याचे, चार फ्युरीचे.

तालीमवाला · २१ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

पायाचं पटलं. आमच्यात पण पंच हातच बघत बसतो आणि वस्ताद पाय बघतो.

पहाटेचा_चहा · २१ डिसेंबर, रात्री १०:१५

वा, एवढं कोणी समजावलं नव्हतं. दाजींना कार्डांचं गणित दाखवलं, ते म्हणाले ड्रॉ तर ड्रॉ, हरला तर नसता ना. आता काय बोलणार. बाकी एक शंका, या वेळी चारही बेल्ट का नाहीत?

कार्डवाला · २१ डिसेंबर, रात्री १०:३०

कारण चार संघटनांचे चार बेल्ट, आणि त्यातला आयबीएफचा उसिकने जूनमध्ये सोडला. त्यांना ठरलेल्या चॅलेंजरशी लढत हवी होती आणि याला आधी फ्युरीशी रिमॅच करायची होती, करारातच होती ती. तो बेल्ट इंग्लंडच्या डुबॉईसकडे गेला आणि सप्टेंबरमध्ये वेम्बलीला त्याने जोशुआला पाचव्यात झोपवलं. म्हणजे १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेटला एकच राजा झाला आणि महिनाभरात परत दोन. बॉक्सिंगचा कारभार असाच. उद्या डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीओ तीनच.

इंग्लंडातली_काकू · २२ डिसेंबर, पहाटे ४:५५ (तुमच्याकडची वेळ)

उसिक. एकमताने. ११६-११२, तिन्ही कार्डं सारखीच.

सांताक्लॉजच्या कपड्यात आला होता हो आमचा वेडा. माकडचाळे यावेळी कमी केले, हे कबूल करायला पाहिजे, पहिले चार-पाच राऊंड छान लढला. सहाव्यापासून मला कळलं.

डावा_पाय_बाहेर · २२ डिसेंबर, सकाळी ७:१०

आठ-चार! आठ-चार! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, क्लबमध्ये लावणार.

गंमत सोडा, पण फ्युरी मला वाटलं होतं तेवढा जड नाही दिसला, दमला असं पण नाही म्हणता येणार. कोणी पडलं नाही, मोजणी नाही. फरक एवढाच की उसिकने मे मध्ये जे मधले राऊंड दिले होते ते या वेळी दिलेच नाहीत. फ्युरीने जॅब टाकला की हा आत घुसून डावा सरळ, कधी पोटात कधी तोंडावर, आणि फ्युरी मिठी मारायच्या आत बाहेर. तालीमवाले म्हणाले ते मानेवर रेलणं दोन-चार वेळा जमलं असेल, जास्त नाही.

कार्डवाला · २२ डिसेंबर, सकाळी ८:४०

फ्युरी म्हणतोय जजनी उसिकला ख्रिसमसची भेट दिली आणि आपण तीन राऊंडांनी तरी पुढे होतो. मी कार्ड धरून बसलो होतो, माझं ११५-११३ आलं, एखादा राऊंड इकडे तिकडे होऊ शकतो, पण फ्युरीला जिंकवायचं तर मला डोळे मिटून गुण द्यावे लागले असते. या वेळी एक एआय जज पण बसवला होता, निकालात मोजला नाही, नुसता प्रयोग, त्याने पण उसिकलाच दिली आणि माणसांपेक्षा जास्त फरकाने. आणि लगेच डुबॉईस रिंगमध्ये चढून उसिकला आव्हान द्यायला आला. ती पण रिमॅचच असेल, गेल्या वर्षी पोलंडमध्ये उसिकने त्याला नवव्यात संपवलं होतं, पाचव्या राऊंडला तो कमरेच्या पट्ट्यावरचा फटका वैध की अवैध यावरून एवढा राडा झाला होता ती.

@चिकूशेक कुठे आहात?

चिकूशेक · २२ डिसेंबर, सकाळी ११:३०

झोपलो होतो.

पहाटेचा_चहा · २२ डिसेंबर, दुपारी १:०५

मंडळी मिसळ झाली. दाजींनीच पैसे दिले, दोन मिसळ, एक्स्ट्रा पाव, वर ताक. डाव्या पायाचं सगळं दाजींना टेबलावर दोन चमचे ठेवून समजावलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान पण हलवली. हात धुवून आल्यावर म्हणतात, "पाडला नाही ना पण त्याने. गुणांवरच ना?"

डुबॉईसची तारीख लागली की धागा वर काढतो. दाजी आत्ताच म्हणालेत, तो पोरगा तरुण आहे, उसिकला या वेळी नाही सोडत.