ला निना आणि थंडीचा अंदाज

"यंदा ला निना आहे, म्हणजे कडाक्याची थंडी पडणारच," असे अनेकदा म्हटले जाते. ला निना म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा थंड होणे. पण त्यावरून काढलेला हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. 2024-25 च्या हिवाळ्यातही ला निनाची चर्चा झाली होती. प्रत्यक्षात ला निना उशिरा आणि दुबळी आली आणि 2025 चा फेब्रुवारी देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. प्रशांत महासागराचे तापमान संथपणे बदलते, म्हणून त्यावरून संपूर्ण हंगामाचा कल सांगता येतो. मात्र आपल्याकडची थंडी भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या हवामान प्रणालींवर, फार अवलंबून असते आणि ते केव्हा, किती येतील हे फक्त काही दिवस आधी कळते. विक्षोभ सरल्यावर उत्तरेचे कोरडे वारे मोकळे झाले की नाशिक जिल्ह्यातील निफाडचा पारा झपाट्याने उतरतो, आणि ढग आले तर तोच पारा रात्रीतून चढतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून विहिरीचे कोमट पाणी सोडणाऱ्या द्राक्षबागायतदाराला तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा त्या एका रात्रीची चिंता असते. त्यामुळे हंगामी अंदाज शक्यता म्हणूनच वाचावा आणि बागेचा निर्णय पाच दिवसांच्या अंदाजावरच घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.