१० बाय ९ च्या खोलीत जुन्या वळणाचे स्पीकर कुठले घ्यावेत?

खर्जप्रेमी
नमस्कार मंडळी. खोली १० फूट × ९ फूट, छत साडेनऊ फुटांवर, भिंती विटांच्या, एका बाजूला सरकती खिडकी. ऐकणं मुख्यतः ख्यालगायन, थोडं नाट्यसंगीत, बरंचसं एलपीवर. रात्री आवाज बेताचाच. ॲम्प्लिफायर ८ ओहमला ४० वॉटचा आहे. स्पीकर दिसायला सत्तरच्या दशकातले हवेत, लाकडी व्हिनियर आणि पुढे कापडी जाळी असलेले. तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: जेबीएल एल१०० क्लासिक, व्हार्फडेल लिंटन, नाहीतर एलएस३/५ए घराण्यातली एखादी जोडी. पहिल्या दोघांचे वूफर (खालचे स्वर वाजवणारे) मोठे, म्हणजे डग्गा भरदार वाजेल असं वाटतं. तिसरी जोडी फारच चिमुकली दिसते. काय करावं?

काळी_एक
आधी खोलीचं गणित करू, कारण तुमच्या मापांत एक अडचण दडलेली आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ज्या कंपनसंख्येला घुमतो ती काढायची असेल तर ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागायचं (अंतर मीटरमध्ये). १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. ९ फुटांचं ६३, आणि साडेनऊ फुटांच्या छताचं ५९. तिन्ही आकडे एकमेकांना खेटून आहेत. लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असती तर हे घुमण्याचे फुगवटे विखुरले असते. तुमच्याकडे ते एकाच जागी साचतात.

आता गाण्याकडे या. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झ आणि तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झ. डग्ग्याचा मूळ नादही याच परिसरात फिरतो. एल१०० चा १२ इंची वूफर ५५ ते ६५ च्या पट्ट्यात जोर लावतो आणि नेमका तोच पट्टा खोली आणखी वाढवते. त्यातून भरदार डग्गा मिळत नाही, मींड पुसून टाकणारी घूं घूं मिळते.

एल१०० बाद होण्याचं दुसरं कारण अंतर. वूफर, मधल्या स्वरांचा मिडरेंज आणि वरच्या स्वरांचा ट्वीटर मोठ्या पट्टीवर पसरलेले असतील तर ते कानाशी एकजीव व्हायला दोन-अडीच मीटर लागतात. तुमच्याकडे जेमतेम दीड मीटर मिळेल.

एलएस३/५ए बीबीसीने सत्तरच्या दशकात ओबी व्हॅनसाठी (स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाची गाडी) केला. म्हणजे तुमच्या खोलीहूनही अरुंद जागेत, निवेदकाचा आवाज जवळून पारखण्यासाठी. साधारण ३० × १९ × १६ सेंटिमीटरची बंद पेटी, आत केईएफचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर. बंद पेटीचा खालचा आवाज ७०-८० हर्ट्झपासून सप्तकाला १२ डेसिबल या हळू उताराने कमी होतो. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) पेटीत तो २४ ने कोसळतो, पण कोसळण्याआधी पोर्ट खोलीच्या फुगवट्याला खतपाणी घालून जातो. तुमच्या खोलीत हा हळू उतार आणि खोलीची वाढ एकमेकांना सावरून घेतात. खर्ज ऐकू येईल आणि गळ्यावर चढणार नाही.

मांडणी अशी करा. तोंड १० फुटांच्या दिशेला. पुढची फळी समोरच्या भिंतीपासून ५५ सेंटिमीटर, बाजूच्या भिंतींपासून ७०-७२, दोन स्पीकरमध्ये १.३ मीटर. कान मागच्या भिंतीपासून १.१५ मीटरवर. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे ५६ आणि ६३ दोन्ही गायब होतात. मागच्या भिंतीला टेकलात तर ५६ दुप्पट होऊन अंगावर येतो. या पेट्यांना १०० ते १५० हर्ट्झमध्ये मुळातच थोडा उंचवटा आहे आणि काळी एकचा षड्ज त्यातच पडतो. म्हणून त्या भिंतीला चिकटवल्या की पुरुषाचा आवाज माठातून आल्यासारखा लागतो. पुस्तकांच्या कपाटात तर अजिबात ठेवू नका.

जाळी काढून ऐकायचा मोह होईल, काढू नका. ट्वीटरभोवतीच्या फेल्टच्या पट्ट्या आणि पुढचं कापड धरूनच त्याचा समतोल साधलेला आहे.

ठेका
लिंटनला इतक्या लवकर निकालात काढू नये. त्याचा ८ इंची वूफर आणि सुमारे ९० डेसिबलची संवेदनशीलता (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा आवाज निघतो ते) बेताच्या आवाजाला उपयोगी पडते. अडचण मागच्या दोन पोर्टची. पेटी सुमारे ३३ सेंटिमीटर खोल, म्हणजे तुमच्या मांडणीत मागे २०-२२ सेंटिमीटरच उरतात. दोन्ही पोर्टमध्ये घट्ट फोमचे बोळे बसवले तर पेटी बरीचशी बंद पेटीसारखी वागते. स्त्रीगायिका आणि ऑर्गनची साथ असलेलं नाट्यसंगीत जास्त ऐकत असाल तर हा पर्याय खरंच विचारात घ्या. पण जवळ बसण्याची अडचण थोडीफार राहतेच, हे काळी_एक यांचं म्हणणं मान्य.

ॲम्प्लिफायरबद्दल: ८ ओहमचे ४० वॉट १५ ओहमला २१ च्या आसपास उरतात. जुन्या एलएस३/५ए १५ ओहमच्या, नंतरच्या ११ च्या, संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल. आकडे लहान वाटतात, पण दीड मीटरवर दोन पेट्या मिळून ९५ डेसिबलच्या आसपास जातात. घरात याहून जास्त लागत नाही. शेकडो वॉटचा ॲम्प्लिफायर मात्र त्यांना लावू नका.

ओहममापे
नव्याऐवजी जुनी जोडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी एवढं तपासा. दोन्ही पेट्यांचे क्रमांक लागोपाठचे किंवा जोडीचे हवेत. मल्टीमीटरवर दोन्हींचा रोध जवळपास सारखा यायला हवा. हा आकडा लेबलवरच्या ओहमपेक्षा कमीच येतो, त्याने घाबरू नका. वूफरचा कोन चार बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासतेय. ट्वीटरसाठी फक्त तंबोरा लावा आणि एकेका पेटीला कान द्या. एका बाजूचा झंकार निस्तेज असेल तर ट्वीटर गेलाय किंवा क्रॉसओव्हरचा (वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर.

बी११० ची कड रबरी आहे, त्यामुळे फोमच्या कडांसारखी किनारपट्टीच्या दमट हवेत भुगा होत नाही. इतर जुन्या मॉडेलांत फोम असेल तर कड बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

‘वूफर बदललाय, तसाच आहे’ असं कुणी म्हणालं तर जोडी सोडून द्या. क्रॉसओव्हर बी११० च्या बेक्स्ट्रीन (एक प्रकारचं प्लास्टिक) कोनाचे दोष सावरूनच आखलेला आहे, आणि १५ ओहमच्या पेट्यांत ट्वीटरची पातळी त्या त्या वूफरशी जुळवून ठरवलेली असते. दुसरा पाच इंची वूफर बसवला की सगळी जुळणी मोडते. सुताराकडून जाड पेटी करून घेण्याचंही तसंच आहे. मूळ पेटी १२ मिलिमीटर बर्च प्लायची, आतून डांबरी पट्ट्या लावलेली. १९ मिलिमीटरची पेटी टणक असते, पण तिचा नाद वरच्या पट्ट्यात सरकतो आणि तिथे कान जास्त तिखट असतो.

खर्जप्रेमी
खूप आभार. एलएस३/५ए कडेच कल झालाय. एकच राहिलं: ऐकताना मी खाली गादीवर बसतो. स्टँड किती उंचीचे? आणि भिंतींना काही लावावं का?

काळी_एक
ट्वीटर कानाच्या रेषेत हवा. तो पेटीच्या तळापासून साधारण २३ सेंटिमीटरवर असतो. गादीवर बसल्यावर जमिनीपासून कान मोजा आणि त्यातून २३ वजा करा. कान ७५ वर आले तर स्टँड ५२ चा. बाजारातले ६० चे स्टँड खुर्चीसाठी असतात, ते घ्यायचेच असतील तर पेट्या किंचित खाली झुकवा. मात्र खाली बसल्यावर छताचा ५९ हर्ट्झचा फुगवटा खुर्चीवरच्यापेक्षा सुमारे ३ डेसिबलने जास्त ऐकू येतो. दोन्ही करून बघा, मगच स्टँड मागवा.

भिंतींबाबत: कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी ट्वीटर दिसेल तिथे घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचा ४ इंची फलक कापडात गुंडाळून लावा, भिंतीपासून २-३ इंच सुटा. खिडकीच्या बाजूला जाड पडदा चालेल. ५९ हर्ट्झवर मात्र याचा काही उपयोग नाही, त्याला जागाच बदलून बघावी लागते. १०-१० सेंटिमीटर पुढे-मागे सरकत तंबोऱ्याचा खर्ज ऐका. चारही तारा सारख्या जोराने ऐकू आल्या की जमिनीवर खडूने खूण करा.