सल्ला हवा: वॉटर्लूच्या तोफगाड्याचे घोडे रंगवायचे कसे?

तोफवाला_पुणे:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, शेवटी वॉटर्लूच्या लढाईच्या टेबलावरच्या खेळासाठी ब्रिटिश रॉयल हॉर्स आर्टिलरीचे (घोडदळाबरोबर धावणारा तोफखाना) छोट्या मूर्तींचे दोन सेट घेतले, २८ एमएम उंचीच्या मापाचे, मेटलचे. प्रत्येकी एक तोफ, एक लिंबर (तोफ ओढायला पुढे जोडायची दुचाकी गाडी) आणि सहा घोडे. पायदळाच्या तीन बटालियन रंगवून झाल्यात पण घोड्यांपाशी हात अडतो, पहिला केला तो एकदम सपाट दिसतोय, अंगावर स्नायूच नाहीत असा. बाराही घोडे एकाच रंगाचे करू का? तोफगाडा करडा म्हणजे नेमका कसा करडा? आणि आधी जोडू की सुटे रंगवू?

कुमाईत:
घोड्यांना ऑइल कलर वापरा, दुसरं काही बघूच नका. आधी अ‍ॅक्रिलिकचा फिकट तपकिरी किंवा नारिंगीकडे झुकणारा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग कॅमलची बर्न्ट अंबरची ट्यूब घेऊन अख्ख्या घोड्याला फासा आणि दहा-पंधरा मिनिटांनी मेकअपच्या स्पंजने हलकेच पुसून घ्या, उंचवट्यावरचा रंग निघतो आणि खाचेतला राहतो, स्नायू आपोआप उठून येतात. एका संध्याकाळी सहा घोडे आरामात होतात. मग दोन-तीन दिवस हात लावू नका. नीट वाळल्यावर मॅट वार्निश, आणि त्यावर लगाम, खोगीर वगैरे अ‍ॅक्रिलिकने, ओल्या ऑइलवर अ‍ॅक्रिलिक धरत नाही.
रंगाचं म्हणाल तर बहुतेक कुमाईत ठेवा, म्हणजे अंग तांबूस तपकिरी आणि आयाळ, शेपूट, पायाचा खालचा भाग काळा. मध्ये दोन-तीन सुरंग (आयाळ-शेपटीसकट सगळा तांबूस) टाका, पण सुरंगाचे पाय काळे करायचे नाहीत, ही चूक खूप जण करतात. कपाळावर टिळा, एखादा पाय पांढरा, बास.

लिंबरवाला:
वरच्याला +१. गाड्याचा करडा निळसर घ्या, शुद्ध राखाडी घेतला तर मेलेला दिसतो, लोखंडी पट्ट्या काळ्या, तोफेची नळी पितळी. (फ्रेंच केलेत तर गाडे ऑलिव्ह हिरवे, ऑस्ट्रियन पिवळे.)
एक महत्त्वाचं, सेट घेताना तोफ कुठली ते बघितलंत का? कॅप्टन मर्सरची जी ट्रूप (तोफखान्याची तुकडी) ९ पौंडी (९ पौंडाचा गोळा टाकणाऱ्या) तोफांची होती, तिच्या एकेका तोफेला ८ घोडे लागायचे. ६ घोड्यांचे सेट असतील आणि तोफ हलकी ६ पौंडी असेल तर गार्डिनर किंवा वेबर-स्मिथची ट्रूप करा, त्यांच्याकडे वॉटर्लूला ६ पौंडीच होत्या. मर्सरच्या घोड्यांचं काय झालं ते वाचलंय ना, २०० पैकी १४० च्या आसपास मेले नाहीतर जबर जखमी झाले. म्हणून माझं मत, तोफेइतकाच वेळ घोड्यांना द्यावा.

तोफवाला_पुणे:
तोफ ६ पौंडीच आहे, मग गार्डिनरच ठरलं. दादा, कॉन्ट्रास्ट रंगांनी (खाचेत आपोआप गडद उतरणारे पातळ अ‍ॅक्रिलिक) नाही का होणार? ऑइलचा वास घरात चालत नाही, लहान मूल आहे.

रंगपेटी:
होईल की, मी १५ एमएमला तेच वापरते, पण २८ ला घोड्याच्या मोठ्या पुठ्ठ्यावर (मागच्या भागावर) रंग साचून डाग पडतात. मूल आहे तर ऑइल बाल्कनीतच करा, टर्पेंटाइनची गरज फक्त ब्रश धुवायला, पुसायला कोरडा स्पंज पुरतो.
जोडण्याचं विचारलंत ना, सुटेच रंगवा. प्रत्येक घोडा बाटलीच्या झाकणावर चिकटवा, कारण जोड्या एकदा शेजारी लागल्या की आतल्या बाजूला ब्रश जात नाही. ड्रायव्हर फक्त डाव्या घोड्यांवर बसतात, म्हणजे सहा घोड्यांना तीनच स्वार, त्यांच्या उजव्या पायाला लोखंडी पट्टीचं संरक्षण असायचं, तेवढं रंगवायला विसरू नका. ओढायचे दोर सगळ्यात शेवटी. आणि आता पावसाळा आहे, स्प्रे वार्निश अजिबात मारू नका, दमट हवेत पांढुरकं पडतं आणि महिन्याची मेहनत जाते. ब्रशने लावा.

तोफवाला_पुणे:
ताई, वार्निशचं सांगितलंत ते फार बरं झालं, स्प्रेचा डबा काल आणून ठेवला होता. तो आता दिवाळीनंतरच उघडेन. या रविवारी पहिली जोडी सुरू करतो, एक कुमाईत, एक सुरंग. बेस (खालची पट्टी) मात्र किती लांब घेऊ? घोडे, लिंबर, तोफ मिळून २५-३० सेंटीमीटर होतंय, एकच लांब पट्टी करू की तोफ वेगळी ठेवू?

लिंबरवाला:
वेगळी. खेळात तोफ डागायला ती लिंबरपासून सोडवावी लागते.